भाई घाडींचं लक्ष

भाई घाडी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की खाजणवाडीतला कावळासुद्धा गप्प बसतो, असं भाई स्वतःच सांगत. अगदीच खोटं नव्हतं ते. कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या या गावात रवळनाथाची जत्रा वर्षातून एकदा, आणि त्या दिवशी सगळ्या गावाची दुखणीखुपणी देवाच्या कानावर घालायचं काम घाडींच्या घराकडे. एकाने मागायचं आणि प्रत्येक मागण्यामागे गावाने एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा कोर्टातला दावा सरकत नाही. भाई एकेकाचं नाव घेऊन, देवाची बाही धरल्यासारखे सांगायचे. आवाज असा खणखणीत की 'मला ऐकू आलं नाही' म्हणायची देवाला सोयच उरत नसे.

आणि याच भाईंनी मागच्या जत्रेत गावाचं हसं केलं.

त्याचं मूळ होतं मोबाइलात. भाईंची बायको गेली तेव्हा घर खायला उठलं. मुंबईचा मुलगा कार्य उरकून परत जाताना एक मोठा मोबाइल हातात ठेवून गेला. म्हणाला, "बाबा, मन रमेल." मन रमलं, आणि असं रमलं की बाहेर यायलाच तयार नव्हतं. सकाळी गुलाबाच्या फुलासकट शुभेच्छा, दुपारी कारल्याच्या बियांचा काढा, संध्याकाळी 'आज रात्री आकाशातून घातक किरण येणार आहेत, मोबाइल उशाशी ठेवू नका' असा इशारा, जो भाईंनी उशीवर आडवं होऊन वाचला आणि सगळ्या पाव्हण्यांना पाठवला. पूर्वी जत्रा जवळ आली की भाई काठी टेकत घरोघर फिरायचे. कुठे चहा, कुठे सोलकढी, कुठे नुसत्या गप्पा-गजाली. लोक मागून म्हणायचे, "फुकटची चाय पिऊक फिरता." म्हणोत बापडे. आता भाई पडवीतून उठेनासे झाले, म्हणून लोकच पडवीत येऊ लागले.

बाबली परबही असाच आला होता, मागच्या जत्रेच्या थोडा आधी. बाबली आंब्याच्या पेट्या करणारा, भाईंचा शेजारी, तोंडाने फटकळ. त्या दिवशी मात्र खाली मान घालून बसला होता आणि हळू आवाजात विनीतचं, म्हणजे त्याच्या मुलाचं, काहीतरी सांगत होता. भाईंच्या हातात तेव्हा बिबट्या आणि अजगराच्या झुंजीचा व्हिडिओ होता. झुंज ऐन रंगात आलेली.

"होय, होय," भाई म्हणाले. "घालतंय गाऱ्हाणा. बस, चाय घे."

बाबली थोडा वेळ बसला आणि चहा न घेता उठला. भाईंना ते अजगर सुटल्यावर कळलं.

मग जत्रा आली. भाई उपरणं घेऊन देवापुढे उभे राहिले, खिशात मोबाइल. सुरुवात झोकात झाली. "बा देवा रवळनाथा, सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा." "होय म्हाराजा," गाव म्हणाला. "ह्या गावार खंयचीय इडापिडा येव नये," असं भाई म्हणतात तोच खिसा थरथरला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. भाईंची जीभ तशीच पुढे धावत राहिली, लक्ष मात्र खिशात उतरलं, आणि जे खिशात होतं तेच तोंडात आलं.

"आणि ही माहिती जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. सवय हो, दुसरं काय.

"धा जणांक पाठवल्यार सांजेपर्यंत खुशखबर मेळात रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

तेव्हा कुठे मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. भाई भानावर आले, पण गाडी रुळावरून गेली ती गेलीच. मधला सगळा गाव गाळून त्यांनी एकदम शेवट गाठला आणि नारळ फोडून मोकळे झाले. गाळलेल्यांत याकूबची होडी होती. याकूबच्या आजोबांनी देवळाचे सागवानी वासे आपल्या होडीतून विजयदुर्गाहून आणले होते, तेव्हापासून त्या घराच्या होडीचं नाव गाऱ्हाण्यात असायचं. जत्रा होऊन आठवडा गेला नाही तोच होडीचं इंजिन बंद पडलं. याकूब भाईंच्या पडवीत येऊन बसला.

"माझो तसो विश्वास नाय, भाई," तो म्हणाला. "पण इंजिनाचो आसलो तर?"

भाईंनी मोबाइल खिशातून काढून बाकावर पालथा ठेवला.

मग देवळात बैठक बसली. बाबली उभा राहिला आणि म्हणाला, "फुडच्या वर्सा गाऱ्हाणा मी घालतलंय." लोकांनी भाईंच्या वयाचा, बापजाद्यांचा मान ठेवला आणि ठरवलं की आणखी एक जत्रा भाईंची. त्यात चुकले, तर उपरणं बाबलीच्या खांद्यावर. भाई घरी आले ते भेदरूनच. बायको गेली, मुलगा लांब, नोकरीतून निवृत्त होऊन जमाना झाला. गाव आपल्याला विचारतो तो या एका उपरण्यासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते गेलं तर आपण म्हणजे पडवीतला एक बाक, दुसरं काही नाही. बाबलीने डाव साधला, असं मनात म्हणून त्यांनी त्याला पोटभर शिव्या घातल्या.

शेवटी त्यांची थोरली बहीण अक्का, जी त्यांच्याच आवारात राहायची, एके दिवशी म्हणाली, "तुझा लक्ष थाऱ्यार नाय, भाई. आमचो विराज लोकांची मनां दुरुस्त करता. परक्यांची करता, मामाचा करूक काय जाता?"

विराज म्हणजे अक्काचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरवर बसून बसून त्याचं डोकं बिघडलं, म्हणून तो गावी आला आणि इतरांची डोकी नीट करू लागला. सुरूच्या बनात त्याने झोपड्या बांधल्या होत्या आणि रस्त्यावर फलक लावला होता: 'निःशब्द. समुद्राच्या सान्निध्यात मनाला विश्रांती.' खाली बारीक अक्षरात, 'हळदी समारंभ व डीजेसाठी संपर्क साधा.'

भाई तिथे गेले तेव्हा दारातच एक मासळीची पाटी ठेवलेली होती. सगळ्यांनी मोबाइल त्यात टाकायचे. पुण्याहून आलेली माणसं लेकराला बालवाडीत सोडावं तसा एकेक मोबाइल सोडत होती आणि मागे वळून बघत होती. पाटी जिवंत खेकडे भरल्यासारखी अधूनमधून हलायची, आणि ती हलली की सगळ्या वर्गाचे डोळे मिटल्या मिटल्या तिकडे वळायचे. विराजचा मोबाइल मात्र त्याच्याच हातात.

"मला ठेवावा लागतो, मामा," तो म्हणाला. "सेशन त्यातच आहे."

सेशन खरंच त्यातच होतं. एक बाई मधाळ आवाजात सांगायची, "दीर्घ श्वास घ्या. हळूहळू सोडा. आता मन पूर्ण शांत," आणि तेवढ्यात एक बाप्या खेकसायचा की आजच घ्या, शून्य टक्के व्याजावर घ्या. विराज घाईघाईने बोट फिरवी. वर्ग शांतपणे श्वास घेत राही. जाहिरातीतही श्वास घ्यायचा असतो, अशीच बहुतेकांची समजूत.

मग एक काजूगर प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला. तो बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, आणि पाव तासाने चावायचा. म्हणजे म्हणे क्षणात जगणं होतं.

"असो खाल्लो तर जेवान आटपाक शिमगो येतलो," भाई म्हणाले. त्यांनी आपला काजूगर कधीच गिळला होता.

"जजमेंट नको, मामा," विराज म्हणाला. "फक्त निरीक्षण."

दुपारी मोबाइलची बॅटरी संपली, म्हणून विराजला स्वतःच्या तोंडाने ध्यान घ्यावं लागलं. सगळे डोळे मिटून बसलेले. विराजने आवाज लांबवला. "तुमचा श्वास आत येतोय..."

"होय म्हाराजा," भाई म्हणाले.

त्यांचा काय दोष सांगा. जन्मभर कानाने जे ऐकलं ते असं की कुणी लांबवलेल्या सुरात काही म्हटलं की त्याला होकार द्यायचाच. लहानपणी बापामागे ते हेच म्हणत मोठे झाले. विराजने एक डोळा उघडून मामाकडे रागाने बघितलं आणि पुढे म्हणाला, "तुमच्या खांद्यांवरचं ओझं उतरतंय..."

"होय म्हाराजा," भाई म्हणाले, आणि या वेळी पुण्याच्या दोन बायकाही म्हणाल्या. तिसऱ्या वाक्याला सगळा वर्ग म्हणाला. ध्यान संपल्यावर एक गृहस्थ डोळे पुसत विचारू लागले की हा कोणता प्राचीन मंत्र, आणि इतकी वर्षं तो आपल्यापासून का लपवला गेला. विराज पुण्यात काही वर्षं काढून आलेला, बोलायला हुशार. संध्याकाळपर्यंत 'कोकणी ध्वनिध्यान' नावाचा व्हिडिओ तयार झाला. त्यात भाई उपरणं घेऊन समुद्राकडे बघतायत आणि मागे बासरी वाजतेय. खाजणवाडीत बासरी कोणाला वाजवता येत नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

भाई फुगले नसते तरच नवल. दर आठवड्याला नवी माणसं यायची, पाया पडायची, 'गुरुजी' म्हणायची. मोबाइल त्यांनी खरोखरच टाकला, तो विराजच्या पाटीतच राहिला. त्याबद्दल अक्काने देवाला साखर ठेवली. पण एक व्यसन सुटलं आणि दुसरं जडलं. विराज शिकवायचा की विचार म्हणजे ढग, येतात आणि जातात, त्यांना धरायचं नाही. आता आमच्याकडचे ढग एकदा आले की चार महिने जायचं नाव घेत नाहीत, पण भाईंना ते पटलं. ते दिवसभर पडवीत डोळे मिटून बसू लागले. आमटीचा विचार आला, त्यांनी तो जाऊ दिला, आणि चुलीवरची आमटीही गेली. अक्काने करपलेलं भांडं त्यांच्यापुढे आदळलं, तर त्यांनी त्या आवाजाचंही निरीक्षण केलं.

याकूब एकदा इंजिनाचं सांगायला आला. एकदा दुरुस्त केलं ते पुन्हा बंद पडलं होतं. भाई प्रसन्न हसले.

"याकूब, इंजिन ह्यो एक विचार आसा. विचार येता, विचार जाता."

"ता जायत नाय, ताच तर दुखणा आसा," याकूब म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

बाबलीही एकदा बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत, आला होता. भाईंचे मिटलेले डोळे त्याने तिथूनच बघितले आणि मागे फिरला. अक्काने नंतर सांगितलं, तेव्हा भाई म्हणाले, "आयलो आसतलो उपराण्याचा माप घेवक." इतकी शांती मिळवूनसुद्धा बाबलीचा राग तेवढा गेला नव्हता. तो ढग एका जागी ठाण मांडून बसला होता.

आणि जत्रेचा दिवस उजाडला. भाई खिसे रिकामे करून देवळात आले. छाती ताठ, चेहरा शांत. विराज आपले पाव्हणे घेऊन मागे उभा. बाबली अगदी पुढे, हाताची घडी घालून. याकूब नेहमीसारखा बाहेर पायरीपाशी.

"बा देवा रवळनाथा, सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

आवाज जुनाच, खणखणीत. गावाच्या अंगावर काटा आला. इडापिडा झाली, पाऊसपाणी झालं, आणि आता एकेकाची नावं यायची. भाईंच्या मनात याकूबची होडी आली. आली, आणि सवयीप्रमाणे त्यांनी तिला जाऊ दिलं. मागोमाग कोणाची तरी म्हैस आली, तीही गेली. एक दावा आला, गेला. मग काहीच येईना. इतके महिने डोळे मिटून जी निवांत पोकळी ते शोधत होते, ती आज, देवाच्या दारात, सगळ्या गावासमोर, काहीही न मागता मिळाली.

भाई उभेच. गाव वाट बघतोय. मागच्या पुणेकरांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, त्यांना हा भाग सर्वांत आवडला. वाट बघून बघून एक म्हातारा उगाचच म्हणाला, "होय म्हाराजा." कोणी हसलं नाही. मागच्या वर्षी निदान काही तरी बोललो होतो, या वर्षी तेही नाही, हे भाईंना कळत होतं. बायको असती तर आता पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली असती, असं त्यांना वाटलं, आणि रडू यायचंच बाकी राहिलं.

"भाई," पायरीवरून याकूब म्हणाला. "माझी होडी रे."

भाईंनी बुडत्याने दोर धरावा तसा तो आवाज धरला. "बा देवा, ह्या याकूबच्या होडीचा इंजिन दोनदा बंद पडला, तेच्या पोटापाण्याची काळजी घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. कोंडलेला श्वास सुटला. मग काय, सगळेच बोलायला लागले. माझी म्हस, माझा गुडघा, आमच्या चेडवाचा लगीन. एकच कालवा.

"एकेक जण रे," भाई म्हणाले. "माका आयकाक येव दे."

आणि भाई गाभाऱ्यापुढची पायरी उतरून खाली आले. घाडींच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. एकेकापुढे उभं राहायचं, त्याचं ऐकायचं, कळलं नाही तर पुन्हा विचारायचं, आणि वळून देवाला सांगायचं. घरोघर फिरून जे काम महिनाभर चालायचं ते तिथेच, उभ्या उभ्या चाललं होतं. वेळ लागत होता. दशावतारवाले तोंडाला रंग लावून खोळंबले होते.

होता होता भाई बाबलीपुढे आले. बाबलीला काय पाहिजे ते त्यांना ठाऊक होतं. आपण अडखळलो, गावाने बघितलं, ठरलं होतं ते ठरलं होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

बाबलीने हात पुढे केला नाही.

"माका उपराणा नको," तो म्हणाला. "माझ्या विनीतचा सांग."

"विनीतचा? काय झाला विनीताक?"

बाबलीने त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "गेल्या वर्साक तुझ्या पडवीत बसान सांगितलंय. तेचा जहाज परक्या बंदरात अडकान ठेवल्यानी. मालक पळालो. खलाश्यांका उतराक देयनत. तू होय होय म्हणालंस, आणि हय नाव सुद्धा घेतलंस नाय. म्हणान म्हटलंय, आपलां आपणच सांगूया देवाक."

"मगे अजून?"

"अजून थयच आसा."

भाईंना काहीच आठवत नव्हतं. पडवी आठवली, न घेतलेला चहा आठवला, बाबलीची खाली गेलेली मान आठवली. त्याचा एक शब्द आठवला नाही. बिबट्या आणि अजगरात कोण जिंकलं, ते मात्र नीट आठवत होतं.

शरम वाटली त्यांना. देवापुढे वळायचीसुद्धा शरम वाटली. पण वळले. उपरणं खांद्यावर घ्यायचं राहून गेलं होतं, ते तसंच हातात.

"बा देवा रवळनाथा," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खणखणीत नव्हता. "ह्या बाबलीचो झील विनीत दर्यापलीकडे जहाजार अडाकलो आसा. तेचा सांगणा गेल्या वर्साक तुझ्याकडे येवक होया होता, ता येवक नाय. बापाशीन सांगितल्यान, मधल्या माणसान आयकूक नाय. तेचो राग तू त्या पोरार काढू नको. त्याका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. याकूब म्हणाला, विराज म्हणाला, पुणेकरही म्हणाले. बाबलीचा आवाज सगळ्यांच्या नंतर, एकटा आला.

दशावतार त्या दिवशी फारच उशिरा उभा राहिला, आणि मंडळींनी भाईंना मनातल्या मनात काय वाहिलं असेल ते न बोललेलं बरं. गावात दोन मतं पडली. काही म्हणाले, असं गाऱ्हाणं आजवर झालं नव्हतं. काही म्हणाले, भाई आता फार वेळ काढतात. विराज धावत आला. "मामा, मधली ती शांतता. लोक वेडे झालेत. पुढच्या शिबिरात तेवढीच घ्यायची, नावांचं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि ते बाबलीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेले. बाबली पेट्यांना खिळे मारत होता. त्याने एकदा भाईंच्या हातात काठीच आहे ना ते बघितलं, खिशाकडे बघितलं, आणि पायाने एक पेटी पुढे सरकवली. भाई बसले.

"विनीतचा पयल्यापासून सांग," ते म्हणाले.

बाबलीने हातोडी खाली ठेवली. बंदराचं नाव सांगितलं, ते भाईंनी दोनदा विचारून घेतलं. जहाजावर पाणी मोजून मिळतं, फोन कधीतरी लागतो, लागला की विनीत आईशी बोलतो आणि बापाशी बोलताना गप्प होतो, असं बाबली सांगत होता. आतून चहा आला. पडवीवर कावळे ओरडत होते. बाबली मधेच थांबला आणि भाईंकडे बघत राहिला, ते ऐकतायत की डोळे मिटतायत म्हणून.

"मगे?" भाई म्हणाले.